खोलीआधीं वाट पाहावी

जून महिना उजाडला कीं आपल्या घरोघरीं एक नवी चर्चा सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, कोणास किती गुण पडले याचा बोभाटा आप्तेष्टांत होऊन गेलेला असतो, पेढेही वाटून संपलेले असतात, आणि मग एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडीलधाऱ्यांपैकीं कोणीतरी सुपारी कातरतां कातरतां विचारतें, "प्रवेश मिळाला हें उत्तम झालें, पण पोर राहणार कोठें?" या प्रश्नाचें उत्तर बहुधा घाईनें दिलें जातें. कोणी ओळखीचा गृहस्थ एक खोली सुचवितो, वडील एकदां जाऊन पंखा, नळ आणि भाडें पाहून येतात, अनामत रक्कम भरतात आणि घरीं येऊन सांगतात, "झालें काम." त्या खोलीपासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंतची वाट मात्र ते क्वचितच स्वतः चालून पाहतात. वस्तुतः खोलीची खरी परीक्षा त्या वाटेवरच व्हावयाची असते.

हा विचार कोणत्याही गांवास लागू पडेल. परंतु गोष्ट एखाद्या ठिकाणास बांधून सांगितली कीं नीट कळते, म्हणून येथें बीड जिल्ह्याचें, आणि त्यांतही विशेषतः अंबाजोगाईचें उदाहरण घेतलें आहे.

अंबाजोगाईचें नांव आपल्या वाचकांपैकीं अनेकांस देवीमुळें परिचित आहे. कोकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी ती येथलीच. लग्नकार्यानंतर पुण्या-मुंबईकडील मंडळी येथें येतात, देवीची ओटी भरतात, आद्यकवि मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधीचें दर्शन घेतात आणि परतीच्या गाडींत बसतात. देवळाकडून महाविद्यालयांकडे जाणारा रस्ता त्यांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. तथापि बालाघाटाच्या माथ्यावरील या लहानशा शहरांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीचें आहे, कृषिविद्येचें आहे, समाजकार्याचें आहे. आणि कला, विज्ञान व वाणिज्य शिकविणारीं योगेश्वरी, खोलेश्वर इत्यादि महाविद्यालयें आहेत. एवढ्याशा आकाराच्या गांवांत इतक्या विद्या एकत्र नांदत असल्याचें उदाहरण मराठवाड्यांत दुसरीकडे सहसा आढळावयाचें नाहीं.

हें एका दिवसांत घडलेलें नाहीं. निजामी राजवटींत या गांवास मोमिनाबाद म्हणत. त्या काळीं येथील मराठी मुलास पदवीपर्यंत शिकावयाचें तर हैदराबादेस जाऊन १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उर्दू माध्यमांतून शिकावें, नाहींतर संस्थानची हद्द ओलांडून पुण्याची वाट धरावी, हेच काय ते मुख्य मार्ग होते. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ सालीं येथें आले व योगेश्वरीच्या शाळेचे प्रमुख झाले. १९३८ सालीं शाळा सोडून ते हैदराबादच्या लढ्यांत उतरले. १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें. पुढें १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, जें महाविद्यालय काढलें तेंच पुढें मिलिंद या नांवानें प्रसिद्धीस आलें. १९५८ सालीं मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ झालें, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालयें उघडलीं. विद्या हैदराबादेहून निघून तालुक्याच्या गांवापर्यंत चालत आली खरी. पण तालुक्याचें गांव आणि खेड्यांतील घर यांच्यामधील सात-आठ कोसांची वाट राहिली ती राहिलीच. आमच्या प्रश्नाचें मूळ या सात-आठ कोसांत आहे.

कित्येक पालकांस यावर एक सोपा उपाय सुचतो. "पोरास मोटारसायकल घेऊन देतों, मग तो घरून ये-जा करो कीं गांवाबाहेर खोली घेवो!" दिसावयास हा उपाय उदारपणाचा दिसतो, परंतु अकरावीचा विद्यार्थी सोळा वर्षांचा असतो आणि बारावीचा सतरा. गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो तो ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तसली पेट्रोलची गाडी आतां बाजारांत जवळजवळ दिसतच नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तीअन्वयें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास वा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. मुलगा सज्ञान झाला तरी रस्ता तोच राहतो. बीडवरून सोलापूर-धुळें महामार्ग जातो. त्यावरील अवजड वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू असते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे आंतल्या रस्त्यांवरून उसानें लादलेल्या जोड-ट्रॉल्या संथपणें चालतात, आणि त्यांतील कित्येकींच्या पाठीमागें दिवा तर राहोच, तांबड्या चकचकीत पट्टीचा तुकडाही नसतो. अशा रस्त्यानें हिवाळ्याच्या संध्याकाळीं मुलगा घरीं परत येईपर्यंत आईच्या जिवाचें काय होतें तें प्रत्येक घरानें आपल्याशींच विचारून पाहावें.

दुसरा उपाय एस. टी.चा. एस. टी.विषयीं वाईट बोलण्याची आमची इच्छा नाहीं. १९४८ सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें-अहमदनगर रस्त्यावर तिची पहिली गाडी धांवली, आणि तेव्हांपासून खेड्यांतील मुलांच्या शिक्षणास तिनें जेवढा हातभार लावला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणीं लावला असेल. विद्यार्थ्याच्या मासिक पासास भाड्याच्या सुमारें एक-तृतीयांश रक्कमच पडते. ग्रामीण भागांतील शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेखालीं मोफत पास मिळतो. आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांस निम्मे भाडें पडतें. पैशाची अडचण एवढ्यानें पुष्कळ हलकी झाली. तथापि वेळेची अडचण पासानें सुटत नाहीं. आडवाटेच्या खेड्यास गाडी येते ती बहुधा सकाळीं एकदां व सायंकाळीं एकदां. ती हुकली कीं फाट्यापर्यंत पायीं, आणि तेथून मिळेल त्या जीपमध्यें दाटीवाटीनें. परळी-अंबाजोगाई ही वाट तर उशीराबद्दल पुराणकाळापासून प्रसिद्ध आहे! देवीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें होतें, परंतु मुहूर्त टळला आणि सारें वऱ्हाड जागच्या जागीं पाषाण झालें, अशी आख्यायिका आहे. पहिल्या तासाची हजेरी हुकलेल्या मुलांस ती सांगितली तर त्यांचें थोडें समाधान व्हावें.

थट्टा बाजूस ठेवून हिशेब मांडूं. वीस-बावीस किलोमीटरवरील खेड्यांतून येणाऱ्या मुलाचे गाडीची वाट पाहण्यांत, गाडींत आणि दोन्ही टोकांच्या पायपिटींत मिळून रोज तीन तास जातात असें धरलें, तर वर्षाच्या दोनशें दिवसांत सहाशें तास होतात. एवढ्या वेळांत कोणताही कठीण विषय दोनदां वाचून होईल. शिवाय गाडी बंदच पडली तर? २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला; ज्यांचें सारें शिक्षण त्या एका गाडीवर अवलंबून होतें त्यांचें जवळजवळ सबंध सत्र वाटेवरच अडलें. गांवांत पायीं जाण्याच्या अंतरावर खोली असलेल्या मुलास या संपाची झळ फक्त घरीं जावयाच्या दिवशीं लागली. रेल्वेचें म्हणाल तर बीडवासीयांनीं तिची वाट पिढ्यान् पिढ्या पाहिली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीड-अहिल्यानगर प्रवासी गाडी एकदांची सुरू झाली. ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु अंबाजोगाईस रेल्वे नाहीं. परळीस किंवा घाटनांदुरास उतरून पुन्हां रस्त्यानेंच यावें लागतें.

आतां मुलींविषयीं. येथें थोडें सविस्तर लिहिणें प्राप्त आहे, कारण मुलाची वाट लांबली तर त्याचे तास जातात, मुलीची लांबली तर तिचें शिक्षणच जातें. विज्ञानशाखेच्या मुलीचे प्रयोग कधीं पांच वाजेपर्यंत चालतात. गांवची शेवटची गाडी सहास सुटते. हिवाळ्यांत ती फाट्यावर उतरते तेव्हां काळोख पडलेला असतो. पहिले दोन महिने भाऊ फाट्यावर घ्यावयास येतो. पुढें त्याचें काम निघतें, वडिलांस शेताची रखवाली असते, शेजारी कांहींबाही बोलूं लागतात, आणि सहामाहीनंतर कोणी स्पष्टपणें 'नको' न म्हणतांच मुलगी घरीं बसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ४४ जणींचें लग्न अठराव्या वर्षाच्या आंतच झालें असल्याचें आढळलें. दारिद्र्य, रूढि, ऊसतोडीसाठीं दिवाळीनंतर आईबापांचें परगांवीं जाणें, अशीं याचीं अनेक कारणें आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं राज्य सरकारनें २०२१ सालीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना आंखली ती यामुळेंच. परंतु त्या अनेक कारणांमध्यें 'वाट' हेंही एक कारण आहे, आणि त्याचा उच्चार क्वचितच होतो. मुलगी शाळेंत जात असते तोंवर तिच्या लग्नाची बोलणीं लांबणीवर टाकण्यास घराजवळ एक सबब असते. ती घरीं बसली कीं ती सबब संपते.

जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें एक चांगला निर्णय घेतला. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. म्हणजे अभियांत्रिकीस प्रवेश मिळालेल्या मुलीच्या बापापुढें फीचा डोंगर आतां उरला नाहीं. परंतु त्याच बापानें तिला गांवांत ठेवावयाचें ठरविलें कीं खोली, डबा, दिवाबत्ती आणि वाट हे चार खर्च पुढें उभे राहतात, आणि त्यांतील वाटेचा खर्च रुपयांत मोजतां येत नाहीं.

मग खोली पाहावी कशी? पहिली गोष्ट ही कीं ती पाहावयास मोटारींतून जाऊं नये. वडिलांनीं, आणि शक्य तर आईनेंही, महाविद्यालयाच्या फाटकापासून पायीं निघावें. निरोगी मनुष्य तासाला चार-पांच किलोमीटर चालतो. म्हणजे दोन किलोमीटरवरील खोलीस पाऊण तासाच्या आंत, बहुधा अर्ध्या तासांतच, पोहोंचतां येतें. पायीं जाणाऱ्यासाठीं हीच मर्यादा समजावी. सायकल असेल तर ती दुप्पट करावयास हरकत नाहीं. सायकलीस परवाना लागत नाहीं, पेट्रोल लागत नाहीं, आणि व्यायामासाठीं वेगळे पैसे मोजून कोठें जावें लागत नाहीं. हा फेरा एकदां करून भागत नाहीं. दुपारीं दोन वाजतां एकदां करावा, कारण एप्रिलमध्यें या भागांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. आणि रात्रीं आठ वाजतां एकदां करावा. रस्त्यावरील दिवे लागतात कीं नुसते खांबच उभे आहेत, कुत्र्यांचा त्रास आहे काय, वाटेंत एखादें दारूचें दुकान आहे काय, महामार्ग ओलांडावा लागतो काय, हें रात्रींच कळतें. बीड शहरांत बिंदुसरा नदीच्या कोणत्या कांठास खोली आहे आणि कोणत्या कांठास महाविद्यालय, एवढें पाहिलें तरी पावसाळ्यांतील बरीच गैरसोय टळेल.

गांवाबाहेरील खोली स्वस्त पडते हा समज पुष्कळदां कागदावरच खरा ठरतो. समजा, लांबची खोली दरमहा आठशें रुपयांनीं स्वस्त आहे आणि वाटणीच्या रिक्षेस एका खेपेस वीस रुपये पडतात. दिवसाच्या दोन खेपांचे चाळीस, आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांचे एक हजार. तेव्हां स्वस्त खोली दोनशें रुपयांनीं महाग पडली, आणि वर रिक्षा भरेपर्यंत थांबण्याचा वेळ गेला तो वेगळाच. जेवणाचा डबा आणि अभ्यासिका यांचेंही असेंच. खोली महाविद्यालयाजवळ पण खानावळ गांवाच्या दुसऱ्या टोकास असेल तर मुलगा पंधरा दिवसांतच रात्रीचें जेवण टाळूं लागतो आणि वडापाववर भागवितो.

पाण्याची चौकशी तर घरमालकाकडे न करतां शेजाऱ्यांकडे करावी. अंबाजोगाईस आणि लातुरास पाणी पुरविणारें मांजरा धरण याच जिल्ह्यांत केज तालुक्यांतील धनेगांवास आहे. २०१६ सालीं तें कोरडें पडलें आणि लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें ही गोष्ट कोणी विसरलेलें नाहीं. जून-जुलैंत पाहिलेल्या खोलीचा नळ धो-धो वाहतो. पुढच्या मे महिन्यांत घरची विंधणविहीर आटते काय, आणि टँकरचा पैसा भाडेकरूंवर पडतो काय, हें आधींच विचारून घ्यावें.

वसतिगृहाची चौकशी मात्र या सर्वांच्याही आधीं करावी. महाविद्यालयाच्या आवारांतच जागा मिळाली तर वरील पायपीट वाचली. वैद्यकीय व परिचारिकेच्या विद्यार्थ्यांस रात्रपाळी असते, त्यांनीं तर बाहेरचा विचारच शक्यतों करूं नये. समाजकल्याण खात्याचीं वसतिगृहें प्रत्येक जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जाति व नवबौद्ध विद्यार्थ्यांस २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेखालीं राहण्या-जेवणासाठीं रोख साहाय्य मिळतें. इतर वर्गांसाठींही डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचा निर्वाहभत्ता वगैरे योजना आहेत. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून प्रवेश घेतेवेळींच महाविद्यालयाच्या कचेरींत विचारणें इष्ट.

आतां गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती आपल्याच घरांची आहे. अंबाजोगाईंत, बीडमध्यें, किंबहुना महाराष्ट्रांतील प्रत्येक जुन्या गांवांत महाविद्यालयापासून हांकेच्या अंतरावर मोठमोठीं घरें आहेत. एके काळीं तेथें वीस-वीस पानें उठत. हल्लीं मुलें पुण्यास, नातवंडें अमेरिकेंत, आणि घरीं दोन वृद्ध माणसें व कुलपें लावलेल्या पांच-सहा खोल्या असा देखावा दिसतो. खोली भाड्यानें देण्याचें सुचविलें कीं आजी म्हणतात, "एकदां आंत आला कीं निघावयाचा नाहीं हो!" ही भीति जुन्या भाडेकरू-कायद्याच्या दिवसांतील आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वयें परवाना-करार लेखी करून नोंदविला तर मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याची स्पष्ट तरतूद आहे. करार नोंदविण्याची जबाबदारी मालकावरच आहे, हें मात्र ध्यानांत ठेवावें. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळविणें हेंही तितकेंच आवश्यक. एवढें केलें म्हणजे अकरा महिन्यांच्या मुदतीनें एखादी खोली देण्यांत भिण्यासारखें फारसें उरत नाहीं, आणि अडीअडचणीस रात्रीं-बेरात्रीं डॉक्टरांकडे धांवणारे दोन तरुण पाय घरांत असणें हा कांहीं लहान लाभ नव्हे.

परक्या मुलास घरांत ठेवून शिकविणें ही आपल्याकडे नवी गोष्ट थोडीच आहे? आपल्या आजोबा-पणजोबांपैकीं कित्येकजण वार लावून जेवले आणि शिकले. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं. पुण्यास १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह आरंभीं माधुकरीवरच चालत असे. महर्षि कर्वे हे मुलगे असतांना १८७५ सालीं परीक्षेसाठीं कोकणांतील मुरुडाहून साताऱ्यास घाट चढून शंभराहून अधिक मैल पायीं गेले, आणि तेथें ते वयानें फारच लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ही सारी परंपरा अभिमानानें सांगण्याजोगी आहे. पण ती पुरी सांगावी. वाराचीं ताटें बहुशः आपल्याच ज्ञातीच्या मुलांसाठीं मांडलीं जात. ज्यांस त्या ओसरीवर बसावयास जागा नव्हती त्यांच्यासाठीं शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत जातवार वसतिगृहें उभारण्यास आरंभ केला, कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं एकाच पंक्तीचें वसतिगृह काढलें, आणि मिलिंद महाविद्यालयाच्या जोडीस वसतिगृहेंही उभीं राहिलीं.

आजही खोली शोधणाऱ्या मुलास दारांत पहिला प्रश्न पुष्कळदां विषयाचा किंवा वर्गाचा येत नाहीं, आडनांवाचा येतो. आडनांव ऐकून, "नुकतीच दुसऱ्यास दिली हो," असें गोड शब्दांत सांगितलें जातें, आणि तो मुलगा एक किलोमीटर पुढें, मग दोन, मग गांवाच्या कडेस असा सरकत जातो. त्याच्या वाटेची लांबी अशा रीतीनें आपल्या उंबरठ्यावर ठरते. स्वयंपाकघरांत मांसाहार नको, रात्रीं दहानंतर गोंगाट नको, पाहुणे राहावयास नकोत, अशा अटी घालण्याचा घरमालकास पूर्ण अधिकार आहे, आणि त्या सर्वांस सारख्याच घालाव्या. या अटी पाळावयास तयार असलेल्या मुलाच्या आडनांवाशीं आपल्या माडीवरील खोलीचा काय संबंध आहे, हें मला आजवर कोणीं पटवून दिलेलें नाहीं.

खोली मुलीस द्यावयाची असेल तर घरच्या बाईनें तिच्या आईशीं समक्ष बसून बोलावें, आणि भाड्याचा आंकडा निघण्यापूर्वींच दोन-तीन गोष्टी ठरवून घ्याव्या : प्रयोगाचे दिवस कोणते, त्या दिवशीं दार किती वाजेपर्यंत उघडें राहील, अभ्यासिकेंतून परततांना तिला कोणाची सोबत आहे, आणि बाहेरच्या दाराची एक किल्ली तिच्याजवळ राहील कीं नाहीं.